दोन पायऱ्यांवरचं दुकान

४ फेब्रुवारी

मुंगे,

फोनच करणार होते. पण दुकानात उभं राहून फोनवर बोलायचं म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकवायचं, आणि तू पलीकडून "हो मावशी, हो मावशी" करत भलतंच काहीतरी टाइप करत असतेस. मला कळतं ते. कागदावर लिहिलं की निदान तुला वाचावं तरी लागेल.

तर बातमी अशी, की आमच्या नगरपालिकेला पोरांच्या तब्येतीची काळजी लागली आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण बसवायला ह्यांना सहा वर्षं सवड नव्हती, आता माझ्या बरण्या कुठे ठेवायच्या ते हे ठरवणार. शाळेच्या दारापासून दीडशे मीटरच्या आतल्या सगळ्या खाऊच्या दुकानांना नोटीस आली आहे. मी दारापासून बावीस पावलांवर. तुझ्या काकांनी दोनदा मोजून बघितली, दोन्ही वेळा बावीसच भरली.

नियम असा, की गोळ्या, चॉकलेटं, रंगीत पेयं आणि तळणाची पाकिटं पोरांच्या नजरेसमोर ठेवायची नाहीत. ती ठेवायची पार तळाच्या खणात, दुकानाच्या जमिनीपासून साठ सेंटिमीटरच्या खाली, नाहीतर डोक्याच्याही वर. आणि नव्वद ते एकशेतीस सेंटिमीटरच्या मधली जी मोक्याची जागा, तिथे फळं, दाणे, दूध, अंडी आणि पाणी. दोन वेळा ताकीद देणार, तिसऱ्या वेळी खाऊ विकायचा परवाना रद्द. परवाना गेला की माझ्याकडे काय उरतं? वह्या, पेन्सिली आणि तुझे काका.

बत्तीस वर्षं मी हे दुकान चालवते आहे. तू सहा वर्षांची असताना तुझी आई नोकरीला लांब गेली आणि तू माझ्याकडे आलीस. ह्याच दुकानाने तुला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. आता कोण कुठला शहाणा येतो आणि सेंटिमीटर शिकवतो. ज्याने हा नियम लिहिला त्याला त्याच्या आईने लहानपणी एक गोळी दिली नसणार, दुसरं काय.

तू नगरपालिकेत आहेस, भले दुसऱ्या गावच्या. असले कागद तुझ्या टेबलावरून जात असतील. ह्यातून सुटायची वाट सांग. सरळ नसली तर वाकडी सांग.

तुझी मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आणि वाचताना काहीही टाइप केलं नाही.

हा नियम आमच्याकडे दीड वर्षापूर्वी आला. इथेही दुकानदारांनी डोक्याला हात लावला होता. पण मावशी, नीट बघ, ह्यात विकायची बंदी कशालाच नाही. नुसती जागा बदलायची आहे. आमच्या खात्यातली माणसं आधी तीन महिने चार दुकानांत स्टुलावर बसून राहिली होती. मूल आलं की आधी कुठे बघतं, मग कशाकडे बोट करतं, एवढंच लिहायचं. दहातली सात मुलं नाकासमोर जे होतं तेच मागत होती. त्याच जागी केळी ठेवली, तर केळी मागायला लागली. मी स्वतः बघितलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता.

शिवाय नियम पाळणाऱ्या दुकानांना पालिकेची गाडी रोज सकाळी मंडईतून फळं आणि अंडी आणून देते. तुला पहाटे उठून मंडईत जावं लागणार नाही. इथल्या एका आजोबांनी तर गाडीसाठी दुकानाचं दार अर्धा तास आधी उघडायला सुरुवात केली आहे.

सुटायची वाट विचारतेस. मला एकच माहीत आहे, नियम अक्षरशः पाळ. सेंटिमीटरभरही इकडेतिकडे नको. जे लिहिलंय ते तसंच केलं की तुला कोणी बोट लावू शकत नाही, परवान्याची काळजी उरत नाही.

कोणी लिहिला ते सोड. असले कागद दहा हातांतून जातात. काकांना सांग, पावलं मोजून झाली असतील तर गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी मुंगी


२ मार्च

मुंगे,

तुझ्या तोंडात साखर पडो. आणि ज्याने तो नियम लिहिला त्याच्याही, मी माझी शिवी परत घेते.

ऐक आता. तू म्हणालीस अक्षरशः पाळ, म्हणून मी काकांना टेप घेऊन बसवलं. पुढचं काचेचं कपाट आहे ना, त्याचा माथा जमिनीपासून बरोबर नव्वद भरला. त्याच्यावर टोपल्या मांडल्या, केळी, संत्री, उकडलेली अंडी, दाण्याच्या पुड्या. आणि गोळ्या, चॉकलेटं, वेफर्स सगळं उचलून कपाटाच्या तळाच्या खणात. मला रडू येत होतं ग. सगळा जीव त्या तळाच्या खणात गेला असं वाटलं.

मग त्यांची निरीक्षक बाई आली. आम्ही तिला काठीवाली म्हणतो. तिच्याकडे एक लाकडी काठी असते, तिच्यावर साठ, नव्वद आणि एकशेतीसला लाल पट्टे मारलेले. ताडताड आली, पायऱ्या चढून आत शिरली, काठी जमिनीला टेकवली, पट्टे जुळवून बघितले. प्रत्येक टोपली, प्रत्येक बरणी बघितली. मी पाणी देऊ केलं तर म्हणाली, माझं माझ्याजवळ आहे. शेवटी पेन्सिलीने वहीत "चोख" लिहिलं आणि म्हणाली, "ह्या भागात इतकं नीट कोणीच लावलेलं नाही, मावशी." मी तिची मावशी कधी झाले कोण जाणे. पण बाई कामाची आहे, हे मान्य करायला पाहिजे. उगीच आवाज चढवणं नाही, उगीच गोड बोलणं नाही.

आता खरी मजा. ती गेली, शाळा सुटली, आणि गोळ्यांवर जी झुंबड उडाली, तशी मी बत्तीस वर्षांत बघितली नाही. पहिल्या आठवड्यात तळाचा खण दोनदा रिकामा झाला. पूर्वी बरण्या वर होत्या, पोरांना माना वर करून शोधायला लागायचं. आता रस्त्यावर उभं राहिलं की सगळा खजिना थेट नाकासमोर. बारकी पोरं तर काचेला नाक लावून उभी असतात, दिवसातून तीनदा काच पुसावी लागते. केळ्यांकडे कोणी बघत नाही, त्यांना ती दिसतच नाहीत.

म्हणजे नियमही चोख आणि धंदाही चोख. आमची नगरपालिका इतकी हुशार असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या ह्या जुन्या गल्लीतली सगळी दुकानं आता माझ्यासारखीच मांडणी करायला लागली आहेत.

तुझी मावशी


७ मार्च

मावशी,

घाईत लिहिते आहे. तुझ्या दुकानाची जमीन रस्त्यापासून किती वर आहे? काकांना पायऱ्या मोजायला सांग, पावलांनी नको, टेपने. जुन्या गल्लीत अशी किती दुकानं आहेत, तेही कळव.

का विचारते ते मग सांगते. लवकर लिही.

मुंगी


१३ मार्च

मुंगे,

पायऱ्या दोन. एकूण उंची एक्केचाळीस सेंटिमीटर. पूर्वी रस्त्यावरून पाणी यायचं म्हणून सगळ्या गल्लीची जोती उचललेली आहेत. अशी दुकानं माझ्यासकट सात. काका तुला विचारतात, कपाटाच्या बिजागऱ्यासुद्धा मोजू का?

तुला माझ्या पायऱ्यांचा एवढा पुळका कशाला आला, मला कळलं नाही. पण विचारतेस तर आणखी ऐक. काठीवाली परत दोनदा येऊन गेली. पालिकेची गाडी रोज केळी टाकते आणि माझी केळी काळी पडतात. मागच्या वळणावर तो वह्यापुस्तकांबरोबर खाऊ विकणारा दुकानदार आहे ना, त्याचं दुकान रस्त्याला लागून सपाट. त्याच्याकडे मधल्या सुट्टीपर्यंत टोपली रिकामी होते. बाईला काही उमजत नाही. तिने केळी हातात घेऊन बघितली, जास्त पिकली आहेत का विचारलं. पोरांना विचारलं, तर पोरं म्हणाली, "इथे केळी मिळतात?" बाई वहीत बघते, काठी लावून बघते, सगळं चोख. मग काठी हातात घेऊन नुसतीच उभी राहते. एकदा तर मला तिची दया आली.

मला कळलं होतं ग, काय घोटाळा आहे तो. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती आत माझ्या शेजारी उभी राहून मोजते आणि पोरं उभी असतात दोन पायऱ्या खाली. पण मी कशाला सांगू? मी नियम मोडलेला नाही. दिव्याखाली अंधार असला तर तो दिवेवाल्याने बघावा.

आणि २ मेला पालिकेत सुनावणी आहे. आतापर्यंत हा नियम नुसता चाचणीचा होता, आता सगळ्या शहराला कायमचा लावायचा की नाही ते ठरणार. जुन्या गल्लीतल्या सातही दुकानांनी मला पुढारी केलंय, तोंड चालतं म्हणून. ठरलंय असं, की मी उभं राहून नियमाचं भरपूर कौतुक करायचं आणि म्हणायचं, साहेब, ह्यातला एक शब्दही बदलू नका.

शाळेत दातांचे डॉक्टर येऊन गेले. आमच्या दारावरची निम्मी गिऱ्हाइकं गाल धरून परत आली. पोरांना किरकिर करायला काहीतरी हवंच असतं.

तुझी मावशी


१९ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

तो नियम मी लिहिला आहे. दहा हातांतून गेला हे खरं, पण लिहिला एकाच हाताने, शब्द न शब्द. चार दुकानांत स्टुलावर बसून राहिली ती माणसं म्हणजे मी आणि आणखी दोघं. आमच्याकडे चांगला चालला म्हणून पाच शहरांनी तो जसाच्या तसा उचलला, त्यांतलं एक तुझं. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. भ्याले. तू ज्याला शिव्या देत होतीस ती मी, हे लिहायला हात धजेना. मग "अक्षरशः पाळ" असं सांगून मोकळी झाले, म्हणजे तुझा परवानाही वाचेल आणि माझं गुपितही. पोटात एक आणि ओठात एक असं मी तुझ्याशी आजवर कधी वागले नव्हते.

आता चूकही माझीच निघाली आहे. आमचं गाव नवं, सगळी दुकानं रस्त्याला सपाट. "दुकानाच्या जमिनीपासून" असं लिहिलं आणि कोणाला काही खटकलं नाही. तू सांगितलं नसतंस तर कधी कळलंही नसतं. मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चूक कोणाची?" म्हटलं, माझी. म्हणाले, "मग दुरुस्तीही तूच लिही, आणि खाली तुझंच नाव घाल." एवढंच. ना आवाज चढवला, ना पाठ थोपटली. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला त्या वेळी.

दुरुस्ती पाचही शहरांना गेली आहे. तुमच्याकडे ती २ मेच्या सुनावणीत येईल. मान्य झाली तर तुझ्या तळाच्या खणातला माल हलवावा लागेल आणि हा सगळा हंगाम जाईल, मला माहीत आहे. मी हे थांबवू शकले असते. गप्प बसले असते तर तुमच्या सुनावणीपर्यंत कोणालाही पत्ता लागला नसता.

तू मला विचारशील, एवढं काय अडलं होतं. सांगते. अकराव्या वर्षी माझ्या चार दाढा काढल्या, आठवतं? तू डॉक्टरांना म्हणालीस, आमच्या घराण्याचे दातच किडके. मी मान हलवली. मी बरणीत हात घालते हे तुला माहीत होतं, मुंगी नाव तूच ठेवलंस. पण किती वेळा, ते तुला कधी कळलं नाही. शाळेतून आल्यावर, अभ्यासाच्या मधे, तू गिऱ्हाइकाशी बोलत असताना. भूक नसायची. नुसती समोर दिसायची म्हणून. ती लाल झाकणाची बरणी कुठल्या उंचीवर होती ते मी आजही हात करून दाखवू शकते, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. नियम लिहिताना माझ्या मनात सगळा वेळ तीच बरणी होती. आणि तरी पायऱ्या कशा सुटल्या, ते मला कळत नाही. रोज चढत होते मी त्या.

मावशी, हा तुझ्यावर ठपका नाही. तुझ्याइतकी माझ्यासाठी कोणी राबली नाही. पण तू सांगितलंस ना, गाल धरून परत आलेली पोरं. ते वाचल्यावर मला गप्प बसता आलं नाही.

रागाव, पण लिही.

तुझी मुंगी


१६ एप्रिल

मावशी,

महिना होत आला. फोन केला तर काका उचलतात, म्हणतात, "ती कामात आहे," आणि मागे तुझा आवाज ऐकू येतो. तू शिव्या घातल्यास तरी चालतील. तू गप्प बसलेली मला माहीतच नाही, काय करायचं असतं ते सुचत नाही.

सुनावणीत तुला जे बोलायचं ते बोल. दुरुस्ती नको म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही. दुकान तुझं आहे. फक्त मला परकी करू नकोस.

मुंगी


२२ एप्रिल

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझी मावशी बरी आहे. जेवते, झोपते, गिऱ्हाइकांवर ओरडते. माझ्याशीही बोलत नाही, म्हणजे तू एकटी नाहीस.

तुझं पत्र तिने मला दाखवलं नाही. पण गेल्या आठवड्यात विचारलं, "मुंगीच्या दाढा काढल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?" म्हटलं, दवाखान्याच्या बाहेर, सायकल धरून. दोन दिवस झाले, दुपारी दुकान माझ्यावर टाकून खाली रस्त्यावर जाते. काय करते ते मी विचारलेलं नाही. मला बरंच आयुष्य काढायचं आहे अजून.

काका


९ मे

मुंगे,

पहिले चार दिवस मी तुझ्या नावाने नुसती बोटं मोडत होते. सुरुवात तिथूनच करते, म्हणजे मागे काही राहायला नको. म्हटलं, खाऊन पिऊन वाढली आणि आमच्याच पायांवर धोंडा पाडायला निघाली. कानामागून आली आणि तिखट झाली. आणखीही बरंच म्हटलं, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

मग दाढांचं डोक्यातून जाईना. घराण्याचे दात किडके, हे मी म्हटलं होतं खरं. पण तुझ्या आजीचे बत्तीसच्या बत्तीस दात शेवटपर्यंत शाबूत होते ग. मला ते तेव्हाही माहीत होतं. डॉक्टरसमोर काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. चार दाढा काढून तू घरी आलीस आणि मी तुला गप्प करायला काय दिलं असेल? गोळी दिली. आठवलं आणि हातातलं काम सुटलं माझ्या.

एका दुपारी शाळा सुटायच्या आधी मी खाली उतरले. मनात म्हटलं, एकदा बघू तरी, ही पोरगी एवढं काय म्हणते आहे. रस्त्यावर गुडघे टेकून बसले. गुडघे असे कुरकुरले की समोरच्या माणसाने वळून बघितलं. बत्तीस वर्षांत मी माझं दुकान त्या बाजूने कधी बघितलं नव्हतं. तिथून काय दिसतं सांगू? गोळ्या. गोळ्यांच्या मागे गोळ्या. वर बघितलं तर कपाटाची कड, टोपल्यांची बुडं, आणि त्याच्याही वर तुझ्या काकांचं पोट. केळं एक नाही. पहिल्या दिवशी वाटलं, माझी नजरच अधू झाली आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले. तेच.

तिसऱ्या दिवशी काठीवाली आली. मी रस्त्यात गुडघ्यांवर बसलेली. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं, नाहीतर डॉक्टरला बोलावलं असतं. तिने काठी बाजूला ठेवली आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी माझ्या शेजारी धुळीत बसली. बराच वेळ बघत राहिली. मग काठी उचलून तिचं टोक रस्त्यावर टेकवलं, पट्टे बघितले, आणि म्हणाली, "मी दोन महिने चुकीच्या जागी उभी होते." अशी कबुली द्यायला छाती लागते, मुंगे. मी दोन महिने गप्प बसले होते, तिने क्षणभरही लावला नाही. मी तिला म्हटलं, मला आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "वाटलंच होतं, मावशी." रागावली नाही. मी तिला हात दिला आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून उठलो.

आता सुनावणी. मोठं दालन, समोर उंच मंचावर पाच सदस्य, मागे आम्ही सात दुकानदार. माझ्या बाजूच्यांनी मला सकाळी बजावून पाठवलं होतं, एक शब्दही बदलू देऊ नकोस. दुरुस्ती वाचून दाखवली. मला बोलायला उठवलं. मी म्हटलं, नियम चांगला आहे, पण मोजायची जागा चुकली आहे, आणि मी त्या चुकीवर दोन महिने धंदा केला आहे. मागे कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मी म्हटलं, विश्वास नसेल तर सदस्यांनी मंचावरून खाली उतरून टेबलापुढे गुडघे टेकून बसावं, आणि टेबलावर काय ठेवलंय ते मला सांगावं. चौघं हसले. पाचवे, सगळ्यात वयस्कर, ते मात्र खरंच उतरून बसले. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि फुलं होती, त्यांना दोन्ही दिसेनात. दिसले ते फक्त बाकीच्यांचे जोडे. मग त्यांनी आणखी एक दुरुस्ती सुचवली, की उंच दुकानांपुढे पालिकेने खर्च करून एक उतरती फळी लावावी, पुढे फळं मांडायला, म्हणजे दुकानदाराला कपाट फोडावं लागणार नाही. मला हे सुचलं नसतं. सगळ्यांना शिव्या देताना आपण विसरतो, तिथेही कोणी कोणी डोकं चालवणारी माणसं बसलेली असतात.

मंजूर झालं. आता नियमात लिहिलंय, "मूल जिथे उभं राहतं तिथून." फळी गेल्या सोमवारी बसली. गोळ्या आता डोक्यावरच्या कप्प्यात, ज्याला हवी तो मागतो, मी देते. धंदा बसलाय, खोटं कशाला सांगू. जुन्या गल्लीतले तिघे माझ्याशी बोलत नाहीत, एक जण तर मला बघून थुंकतो. पण केळी दुपारपर्यंत संपतात, अंडी त्याच्याही आधी. काल गाडीवाल्याला जास्तीची टोपली सांगितली आहे. हंगाम जाईल, दुकान जाणार नाही. परवान्याचं नवं पत्र काठीवालीने स्वतः आणून दिलं.

आता एकच सांगायचं राहिलं. नियम मंजूर झाल्यावर एका सदस्याने, जरा हसतच, विचारलं, "पण हा नियम लिहिणारा कोण विद्वान? त्याला पायऱ्या दिसल्या नाहीत?" सगळे हसले. मी परत उभी राहिले. म्हटलं, विद्वान नाही, विदुषी. माझी भाची आहे. तू विचारलं होतंस ना, पायऱ्या कशा सुटल्या. मला ते त्या रस्त्यावर बसल्याबसल्या कळलं होतं, तेच मी त्यांना सांगितलं. म्हटलं, साहेब, ह्या गावातलं प्रत्येक पोर माझ्या दुकानासमोर खाली रस्त्यावर उभं राहून वर बघत आलं आहे. तिने ती बरणी आतून बघितली, माझ्या शेजारी उभं राहून. ती कधी गिऱ्हाईक नव्हतीच. घरची होती, म्हणून चुकली.

तुझी मावशी